श्वानाचा व्यायाम आणि त्याचे शिक्षण : प्रस्तावना

महाराष्ट्राच्या शहरांतून कुत्रा पाळण्याची हौस गेल्या पिढी-दोन पिढ्यांत जितक्या झपाट्याने वाढली, तितक्या झपाट्याने तो पाळावा कसा याविषयीची जाण वाढलेली नाही, आणि या दोहोंमधील अंतराचे परिणाम सर्वांत अधिक कोणाला सोसावे लागत असतील तर ते त्या मुक्या जनावराला, हे प्रारंभीच नमूद करणे मला अगत्याचे वाटते. पशुवैद्याच्या दवाखान्यात किंवा कुत्र्यांना शिकविणाऱ्या माणसाकडे जी गाऱ्हाणी नित्य येतात ती बहुधा ठरलेली असतात : कुत्रा चपला फाडतो, सोफ्याच्या कडा कुरतडतो, दाराची घंटा वाजली की भुंकून भुंकून इमारत डोक्यावर घेतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, रस्त्यावर नेले की माणसालाच ओढीत नेतो, आणि कितीही हाका मारल्या तरी मागे वळून पाहत नाही. ही गाऱ्हाणी सांगणारी मंडळी प्रामाणिक असतात, त्यांचे आपल्या कुत्र्यावर प्रेमही असते, आणि त्यांची विनंती एवढीच असते की, ‘याला जरा वळण लावा.’ परंतु शिकविणारा माणूस जाणता असला तर कुत्र्याला बसायला आणि थांबायला शिकविण्याच्या आधी तो मालकाला एक साधा प्रश्न विचारतो, की हा दिवसातून किती वेळ चालतो, किती वेळ धावतो आणि किती वेळ हुंगतो. आणि ‘सकाळ-संध्याकाळ खाली नेऊन आणतो की’ हे त्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ऐकले म्हणजे पुष्कळशा गाऱ्हाण्यांचे मूळ त्याच्या ध्यानात येते.

नियमित व्यायाम हा श्वानाच्या शिक्षणाचा पाया आहे, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपाद्य होय. व्यायामाने कुत्र्याला आज्ञा पाळता येऊ लागतात असे मी म्हणत नाही; आज्ञा या शिकवाव्याच लागतात, आणि त्या शिकविण्याचे शास्त्र स्वतंत्र आहे. माझे म्हणणे असे की, जमीन नांगरल्यावाचून पेरलेले बियाणे जसे वरच्यावर वाळून जाते, तसे ज्या कुत्र्याच्या शरीराची आणि नाकाची भूक भागलेली नाही त्याला दिलेले धडे त्याच्या मनात रुजत नाहीत. शिकविणाऱ्याचे कौशल्य, खाऊचे आमिष, पट्ट्याचा किंवा हार्नेसचा प्रकार या सर्वांचा विचार मालक हौसेने करतो, परंतु ज्या प्राण्याला हे शिकवावयाचे त्याची शिकण्याजोगी अवस्था आहे की नाही, हा विचार सर्वांत आधी करावयाचा असताना सर्वांत शेवटी केला जातो किंवा केलाच जात नाही.

कुत्रा लांडग्याच्या कुळातून उतरला आणि माणसाला शेती ठाऊक होण्याच्याही आधी तो त्याच्या वस्तीला लागला, हे आता सर्वमान्य झालेले आहे. जर्मनीतील बॉन शहरानजीक ओबरकासेल येथे १९१४ साली जे प्राचीन दफन उघडकीस आले, त्यात माणसांच्या सोबतीने पुरलेल्या कुत्र्याची हाडे मिळाली असून ती सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची आहेत. ज्या माणसाशी कुत्र्याने पहिले सख्य जोडले तो माणूस पायांवर जगणारा, शिकारीमागे आणि ऋतूंमागे हिंडणारा होता, आणि कुत्र्याचे शरीर व स्वभाव ही दोन्ही त्या हिंडण्याच्या मुशीत घडली. आपल्या परंपरेने श्वानाची जी रूपे जपून ठेवली आहेत त्यांकडे या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट मनात भरते. महाप्रस्थानास निघालेल्या युधिष्ठिरामागून अखेरपर्यंत पायी चालणारा कुत्रा, अवधूतवृत्तीने भ्रमण करणाऱ्या दत्तात्रेयाभोवतीचे चार श्वान, आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर दौडणारा त्याचा कुत्रा, हे सगळेच कोणाच्या तरी वाटचालीचे सोबती आहेत. आजही दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे मेंढरे नेणारा आणि पावसाच्या तोंडाशी देशावर परतणारा धनगर पाहावा. त्याच्या कळपामागून मैलोगणती चालणाऱ्या कुत्र्याला कोणी शिक्षक लावलेला नसतो, परंतु दिवसभराची चाल, रात्रीची राखण आणि धन्याचा अखंड सहवास यांनी त्याच्या अंगी जे शहाणपण येते ते पुष्कळ सुखवस्तू घरांतल्या कुत्र्यांना दुर्लभ असते.

या विषयाचा उत्तम दाखला आपल्याच दख्खनच्या पठारावर उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे कारवानी कुत्र्याचा. तांड्यांबरोबर आणि शिकाऱ्यांबरोबर हिंडणारी ही जात. आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात मोडणाऱ्या, परंतु त्याकाळी दक्षिण मराठा मुलखातील संस्थान असलेल्या मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने तिला आश्रय दिला, आणि त्यामुळे ‘मुधोळ हाउंड’ या नावाने तिची कीर्ती झाली. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी श्वानांवर जी चार तिकिटे काढली त्यांत मुधोळचा समावेश होता, आणि २०१६ साली मेरठ येथील लष्कराच्या केंद्रात या जातीच्या कुत्र्यांना प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि किंचित कमानदार पाठ असे हे शरीर दौडीसाठीच घडलेले आहे. भरधाव धावताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात. गंधापेक्षा दृष्टीवर शिकार करणारा असल्यामुळे दूरवर काही हलले की त्याचा सारा देह त्या दिशेने ताठ होतो. आणि अशी एक दौड मनाजोगी झाली की मग तोच कुत्रा तासन्‌तास शांतपणे पडून राहतो. घरात स्वस्थ असलेला कारवानी पाहून ज्यांना तो आळशी वाटतो, त्यांनी त्याची सकाळची दौड पाहिलेली नसते.

असा एक तरुण कारवानी पुण्यातील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी पाहिला आहे. सकाळी वाहनतळापर्यंत नेऊन त्याला तत्काळ वर आणीत असत, आणि नंतर घरातील माणसे कामावर गेली की दिवसभर सज्जाची लोखंडी जाळी हेच त्याचे क्षितिज असे. जाळीपलीकडे कावळा येऊन बसला की त्याच्या मांड्यांचे स्नायू थरथरू लागत, तो जाळीला दातांनी धरी, आणि कावळा उडून गेल्यावरही कितीतरी वेळ एकाच जागी येरझारा घालीत राही. संध्याकाळी दार उघडताच दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत गुळगुळीत फरशीवर घसरत-आपटत त्याच्या फेऱ्या सुरू होत, घरातील लहान मुलगी ओरडली की तो तिच्या फ्रॉकचे टोक पकडी, आणि गृहस्थ ‘बस! बस म्हणतो ना!’ असे उत्तरोत्तर चढ्या आवाजात सांगत राहत. त्या वेळी त्या कुत्र्याचे डोळे पाहिले असते तर कोणालाही कळले असते की, हा अवज्ञा करीत नसून त्याला काही ऐकूच येत नाही. पुढे त्या कुटुंबाने पहाटे टेकडीच्या पायथ्याने पाऊण तास चालणे, भिंत घातलेल्या एका मोकळ्या मैदानावर लांब दोरीला बांधून दौड, आणि संध्याकाळी पुन्हा एक संथ फेरी, असा शिरस्ता घातला, आणि परतीच्या वाटेवर, श्वास बसल्यावर, उकडलेल्या कोंबडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा हातात धरून पाच-सात मिनिटेच धडा देण्यास प्रारंभ केला. काही आठवड्यांत तो कुत्रा ‘बस’ आणि ‘थांब’ या दोन्ही आज्ञा पाळू लागला. आज्ञा त्याच होत्या आणि सांगणारा माणूसही तोच होता. बदलली होती ती ऐकणाऱ्याची अवस्था.

ही अवस्था म्हणजे नेमके काय, याचा विचार शास्त्रज्ञांनीही केलेला आहे, आणि त्याचा आरंभ अशा ठिकाणी आढळतो जेथे तो असेल अशी सामान्य वाचकाला कल्पना नसते. इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव घेतले की घंटेच्या नादाने लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या पुरुषाने कुत्र्याच्या शिकण्याचे नियम शोधले, हेही सर्वश्रुत आहे. परंतु १९२७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांत एका अशा कुत्र्याची हकिकत आहे, जो मोकळा असताना अत्यंत लाघवी होता, पण प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी बांधला की अस्वस्थ होऊन धडपडू लागे आणि त्याच्या तोंडातून सारखी लाळ गळत राही, त्यामुळे त्याच्यावर कोणताच प्रयोग नीट करता येईना. पाव्हलॉव्हने त्या कुत्र्याला हट्टी किंवा मूर्ख ठरविले नाही. बंधन झुगारण्याची ही ऊर्मी अन्नाच्या ऊर्मीइतकीच उपजत आहे असा निष्कर्ष काढून त्याने तिला स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया असे म्हटले, आणि त्या चौकटीतच अन्न देत देत कुत्र्याला धीराने तिच्याशी रुळविले. ज्या प्रयोगशाळेत श्वानाच्या शिक्षणाचे आधुनिक शास्त्र जन्माला आले, त्याच प्रयोगशाळेने हालचालीची भूक मारून शिक्षण पुढे रेटता येत नाही, याचीही साक्ष दिली, ही गोष्ट सज्जात कोंडलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या मालकाने ध्यानी धरावी अशी आहे.

१९०८ साली अमेरिकेतील यर्क्स आणि डॉडसन या दोघा संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, शिकण्याला थोडी उत्तेजना लागते, परंतु धडा जितका अवघड तितकी अतिरिक्त उत्तेजना त्याला अधिक मारक ठरते. हा नियम कुत्र्याच्या शिकवणीत पावलोपावली प्रत्ययास येतो. सुस्तावलेला कुत्रा शिकत नाही आणि पिसाळल्यासारखा उधळलेला कुत्राही शिकत नाही. शिकतो तो जागा, कुतूहलाने भरलेला, पण स्वतःला सावरू शकणारा कुत्रा, आणि या मधल्या स्थितीला त्याला आणून ठेवण्याचे सर्वांत स्वाभाविक साधन म्हणजे योग्य प्रमाणातील व्यायाम होय. धावण्यापासून मिळणारे समाधान ही कविकल्पनाही नव्हे : २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात माणसे, कुत्रे आणि फेरेट नावाचे मुंगुसासारखे दिसणारे प्राणी यांना यंत्रपट्ट्यावर चालवून व धाववून त्यांचे रक्त तपासले, तेव्हा मनाला आल्हाद देणाऱ्या एका द्रव्याचे प्रमाण माणसांत आणि कुत्र्यांत वाढलेले आढळले, फेरेटांत मात्र ते वाढले नाही. दूरवर धावणे ज्यांच्या पूर्वजांचा जीवनक्रम होता त्या दोन प्राण्यांना निसर्गाने त्या श्रमाचे बक्षीसही सारखेच दिले आहे, असा याचा अर्थ लावावयास हरकत नसावी.

व्यायाम धड्याच्या आधी उपयोगी पडतो, तसा धड्यानंतरही पडतो. इंग्लंडमध्ये १६ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर केलेला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. सर्व कुत्र्यांना दोन वस्तूंतून योग्य ती ओळखण्यास शिकविल्यानंतर निम्म्यांना स्वस्थ बसू दिले आणि निम्म्यांना अर्धा तास फिरणे व खेळणे यांत घालवू दिले. दुसऱ्या दिवशी तोच धडा पुन्हा घेतला असता खेळलेल्या कुत्र्यांना तो थोड्या प्रयत्नांत आला. याच्या जोडीला डेन्मार्कमधील बीगल कुत्र्यांवरील अभ्यास ठेवावा : रोज धडा घेतलेल्या कुत्र्यांपेक्षा आठवड्यातून एक-दोनदाच धडा घेतलेल्या कुत्र्यांनी तोच पाठ कमी धड्यांत आत्मसात केला. या दोन्हींवरून मालकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. शिकवणी थोडी असावी, ती आनंदाच्या प्रसंगाला लागून असावी, आणि तिच्यानंतर कुत्र्याला खेळ व झोप यांना पुरेशी मुभा असावी. रविवारी सुटी आहे म्हणून दोन तास ‘बस-ऊठ’ करून घेणाऱ्या गृहस्थाने तेच दोन तास आठवडाभराच्या चालण्यात विभागून दिले, तर त्याचे श्रम वाचतील आणि कुत्र्याची प्रगतीही अधिक होईल.

मी येथे ‘नियमित’ या विशेषणावर मुद्दाम भर देत आहे, कारण व्यायामाच्या प्रमाणापेक्षाही त्याच्या नियमितपणाचे महत्त्व मला अधिक वाटते. कुत्रा हा घड्याळ न पाहता वेळ ओळखणारा प्राणी आहे. फिरण्याची वेळ जवळ आली की तो पट्ट्याच्या खुंटीकडे पाहू लागतो, मालकाने चप्पल शोधताच उठून उभा राहतो. ही वेळ रोज पाळली गेली तर मधल्या तासांत तो निर्धास्त राहतो, कारण आपली पाळी येणार हे त्याला ठाऊक असते; ती कधी पाळली जाते आणि कधी चुकते असे झाले तर प्रत्येक पदरव, प्रत्येक किल्लीचा आवाज त्याला आशेने उठवितो आणि निराशेने भुंकायला लावतो. घरात घाण न करण्याची सवय लागणे हेही बव्हंशी वेळेच्या नियमावरच अवलंबून असते. इतकेच नव्हे, तर दाराशी शांत उभे राहिल्यावाचून दार उघडावयाचे नाही, दोरी सैल असली तरच पाऊल पुढे टाकावयाचे, रस्ता ओलांडण्याआधी थांबावयाचे, या गोष्टी रोजच्या फेरीत पाळल्या की ती फेरी आपोआप शाळा बनते, आणि तेथे शिकलेले कुत्र्याच्या अंगवळणी पडते, कारण त्यातून मिळणारे बक्षीस म्हणजे त्याला सर्वांत प्रिय असलेली वाटचाल असते.

व्यायाम म्हणजे केवळ पायांचे श्रम नव्हेत, हे मात्र विसरता कामा नये. रस्त्याकडेच्या विजेच्या खांबाशी कुत्रा थबकला म्हणजे घाईतला मालक दोरीला हिसका देतो. तसे न करता त्या अर्ध्या मिनिटात त्याच्याकडे नीट पाहावे. त्याचे तोंड मिटते, धाप थांबते, कान किंचित पुढे झुकतात, आणि नाकपुड्या झरझर हलू लागतात. बाहेर सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघून जातो, त्यामुळे पुढ्यातला गंध विस्कटत नाही. मग तो खांबाच्या बुंध्यापासून वर वर, एका ठिकाणी दोनदा, असे हुंगीत जातो, एखादे वेळी जीभ टेकवितो, आणि अखेरीस अंग झाडून स्वतःहून पुढे चालू लागतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या वर असतात असे सांगितले जाते; एवढे थोर इंद्रिय ज्याला लाभले त्याला हुंगण्यास मज्जाव करून दोन मैल दामटले तर त्याचे पाय थकतील, पण मन उपाशी राहील. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून अन्न शोधण्याचा सराव दिला आणि काहींना मालकाच्या पायाशी चालण्याचा. नंतरच्या परीक्षेत, वाटीत अन्न आहे की नाही हे अनिश्चित असताना, वास शोधणारे कुत्रे तिच्याकडे पूर्वीपेक्षा अधिक आशेने गेले, दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. १९९३ सालच्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत स्फोटके हुडकून काढणाऱ्या झंजीर या पोलिसांच्या लॅब्रॅडॉरची जी वाखाणणी झाली, ती याच इंद्रियाची आणि त्याला दिलेल्या शिस्तबद्ध सरावाची होती. आपल्या कुत्र्याला स्फोटके शोधावयाची नाहीत. परंतु गवतात विखुरलेले चार दाणे शोधण्याचा आनंद त्यालाही तितकाच आवश्यक आहे.

आता या प्रतिपादनाच्या मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘दमलेला कुत्रा तो शहाणा कुत्रा’ अशी एक समजूत हौशी मंडळींत रूढ झाली असून ती अर्धीच खरी आहे. दिवसेंदिवस अधिकाधिक पळवून कुत्र्याला दमविण्याचा ध्यास घेतला तर त्याचा दम वाढत जातो आणि मालकाचा संपतो. शिवाय एकाच जागी उभे राहून पुन्हा पुन्हा चेंडू फेकीत राहिले तर कित्येक कुत्र्यांची उत्तेजना शमण्याऐवजी शिगेला पोहोचते, आणि घरी आल्यावरही ते धापा टाकीत चेंडूच शोधीत राहतात. म्हणून प्रत्येक दौडीनंतर संथ चालीचा आणि हुंगण्याचा काळ असावा. दुसरी गोष्ट अशी की, भीती, वेदना आणि आक्रमकता यांवर व्यायाम हा रामबाण उपाय नाही. फिनलंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मोठ्या आवाजांना घाबरणाऱ्या आणि एकटे राहू न शकणाऱ्या कुत्र्यांना इतरांपेक्षा कमी व्यायाम मिळत असल्याचे दिसले. परंतु व्यायाम कमी म्हणून ते घाबरट झाले, की घाबरट म्हणून त्यांना बाहेर नेणे कमी झाले, हे अशा पाहणीवरून ठरविता येत नाही. दिवाळीच्या फटाक्यांनी पलंगाखाली शिरलेल्या कुत्र्याला ओढून रस्त्यावर नेणे ही क्रूरता आहे. आणि एरवी गुणी असलेला कुत्रा एकाएकी चावरा झाला, तर त्याला धावायला नेण्याआधी पशुवैद्याला दाखवावे, कारण दुखणाऱ्या सांध्याची किंवा कानाची भाषा पुष्कळदा दातांची असते.

प्रमाणाविषयी एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. वय, जात, प्रकृती आणि ऋतू या चौघांचा विचार करून ते ठरवावे लागते. पिलांची हाडे वाढत असतात, आणि त्या वाढीची टोके लहान जातींत साधारण वर्षभरात, तर थोराड जातींत दीड वर्षापर्यंत किंवा त्याहूनही उशिरा जुळून येतात. तोवर उंच उड्या, जिन्यांची सततची चढउतार आणि सायकलीमागची लांब दौड यांपासून त्यांना जपले पाहिजे. पिलाचा खरा व्यायाम म्हणजे थोडे थोडे खेळणे आणि जगाची ओळख करून घेणे. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या दीर्घ अभ्यासाने पिलाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ या ओळखीसाठी किती मोलाचा आहे हे दाखवून दिले, आणि लसी पुऱ्या होईतो पिलाला जमिनीवर सोडता येत नसले तरी कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा आणि माणसे दाखविण्यास कोणाची हरकत नसावी. लॅब्रॅडॉर, शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या कामकरी जातींच्या निरोगी तरुण कुत्र्याला दिवसाकाठी तासाहून अधिक हिंडणे लागते. बसक्या नाकाच्या पगला तेवढे झेपणार नाही. आणि आपला गावठी कुत्रा चिवट व हुशार असल्यामुळे त्याला श्रमापेक्षाही वैविध्य अधिक मानवते.

ऋतूंचा विचार आपल्या प्रदेशात विशेष करावा लागतो, कारण परदेशी पुस्तकांतील वेळापत्रके थंड हवेसाठी लिहिलेली असतात. कुत्र्याला पंजांच्या गाद्यांखेरीज घाम येत नाही म्हटले तरी चालेल. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य उपाय. एप्रिल-मेच्या उन्हात, नागपूर-जळगावकडे तर त्याही आधीपासून, सूर्य वर येण्यापूर्वीची आणि रस्ता निवल्यानंतरची वेळच फिरण्यास योग्य होय. डांबरावर पालथा हात थोडा वेळ टेकवून पाहावा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. दाट लाळ, गडद लाल हिरड्या आणि लटपटणारे पाय दिसताच त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे आणि विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यापासून होणारा लेप्टोस्पायरोसिस, गोचिडांपासून येणारा ताप आणि ओल्या पंजांतील जखमा यांची धास्ती असते, म्हणून लस, परत आल्यावर पंजे कोरडे करणे आणि कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासणे यांत हयगय होऊ नये. ज्या दिवशी मुसळधार पावसाने बाहेर पडणे अशक्य होते, त्या दिवशीही नियम मोडू नये. त्याच वेळेला घरात खाऊ लपवून शोधावयास लावणे, जुन्या फडक्याच्या गुंडाळीत दाणे बांधून सोडवावयास देणे, असा बंदोबस्त करता येतो. आणि भरल्यापोटी दौड कोणत्याच ऋतूत नसावी. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा जो प्राणघातक विकार आहे, त्याच्या भयाने पशुवैद्य हा सल्ला देतात.

ज्यांना हे सारे हौसेचे आणि ऐच्छिक वाटत असेल, त्यांच्या माहितीसाठी सांगतो की, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या आपल्या कायद्याच्या ११व्या कलमात, कायम साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात कसूर करणे हा मालकाचा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत नमूद आहे. कायदेमंडळाने मारहाण आणि उपासमार यांच्या पंक्तीला व्यायामाचा अभाव बसविला, यात मोठी दूरदृष्टी आहे, असे मला वाटते. मात्र कायद्याच्या धाकापेक्षा शेजारधर्माचा विचार अधिक निकटचा आहे. गृहनिर्माण संस्थांच्या सभांतून कुत्र्यांवरून जे तंटे उद्भवतात त्यांच्या मुळाशी भुंकणे, अंगावर येणे आणि घाण ही तीनच कारणे बहुधा असतात, आणि तिन्हींवर नियमित फिरविण्याचा, फिरविताना पिशवी बाळगून घाण उचलण्याचा, आणि दोरी हाती ठेवण्याचा चांगला उपयोग होतो. कुत्र्याला फिरविण्याचे काम पगारी माणसाकडे सोपविण्याचा प्रघात पडला आहे. नोकरीच्या वेळांमुळे तो कित्येकांना टाळता येणार नाही, तरीसुद्धा एक फेरी तरी घरच्या माणसाने स्वतः घ्यावी, कारण ज्याच्याबरोबर कुत्रा चालतो त्याच्याकडे तो पाहावयास शिकतो, आणि माणसाकडे पाहणे हा सर्व आज्ञापालनाचा आरंभ आहे.

प्रस्तुत पुस्तकाची रचना याच क्रमाने केलेली आहे. प्रारंभीची प्रकरणे श्वानाचे शरीर, त्याच्या गरजा आणि वयपरत्वे व जातिपरत्वे व्यायामाचे मान यांविषयी आहेत. मधल्या भागात रोजची फेरी हीच शाळा कशी करावी, सैल दोरीने चालणे, थांबणे आणि बोलावताच येणे हे धडे त्या फेरीत कसे गुंफावे याची तपशीलवार माहिती आहे. आणि अखेरच्या भागात चावणे, भुंकणे, ओढणे, एकटे न राहणे यांसारख्या दोषांपैकी कोणते व्यायामाने आणि सवयीने सुधारतात, आणि कोणत्यांसाठी तज्ज्ञाकडे जावे लागते, याचा विवेक केलेला आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, ही आपल्याकडील म्हण वारंवार ऐकू येते, आणि तिच्या आधाराने पुष्कळ कुत्री बिघडलेली म्हणून रस्त्यावर सोडून दिली जातात. त्यांतील बहुतेक बिघडलेली नसून कोंडलेली असतात, अशी माझी दृढ श्रद्धा आहे, आणि एका जरी कुत्र्याचे घर या पुस्तकामुळे टिकले तरी ते लिहिण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.

वाचकाजवळ माझे एकच मागणे आहे. पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी त्याने घरातील सर्व माणसांशी विचारविनिमय करून दिवसातील दोन वेळा आपल्या कुत्र्यासाठी मुक्रर कराव्या, त्या वेळी त्याला कोण नेणार हे ठरवून टाकावे, आणि निदान एक महिना, सण असो की पाहुणे असोत, त्या चुकवू नयेत. एवढे ज्याच्या हातून होईल त्याला पुढील पानांतील प्रत्येक धडा सोपा जाईल. आणि एवढे करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने कुत्रा आणण्याचा बेत तूर्त पुढे ढकलावा, हा सल्लाही मी त्याला तितक्याच आपुलकीने देतो.